मिरगाच्या आधी माती झाकलेली हवी: उतारावरच्या काजूबागेसाठी

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. लांजा तालुक्यात डोंगरउतारावर तुमची तीन एकर वडिलोपार्जित जमीन आहे. चार वर्षांपूर्वी वेंगुर्ला-4 आणि वेंगुर्ला-7 ची दीडशे काजूकलमं आणि वरच्या अंगाला तीस हापूस लावलेत. तुम्ही नोकरीसाठी मुंबईत, बाग काका बघतात. गवत आवरत नाही म्हणून जुलैत आणि सप्टेंबरात तणनाशक मारता. यंदा गणपतीला गेलात तेव्हा कलमांची मुळं उघडी दिसली आणि खालच्या पऱ्यात (ओढ्यात) लाल गाळ साचलेला दिसला. कुणीतरी जमिनीवर आच्छादनाचं पीक घ्यायला सांगितलं. कोणतं घ्यायचं, ते झाडाचं पाणी पिणार नाही का, आणि साप-वणव्याचं काय, असे तुमचे प्रश्न आहेत.

अशाच जांभ्याच्या उतारावर मी 28 वर्षं काजू आणि आंबा करतो आहे. तुमचं वर्णन वाचताना माझीच पहिली पाच-सहा वर्षं डोळ्यासमोर आली. म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

बियाणं विकत आणण्याआधी तणनाशक थांबवा. पहिलं काम हेच. 2022 मध्ये केंद्र सरकारने ग्लायफोसेट या तणनाशकाच्या वापरावर निर्बंध आणले हा एक भाग झाला. पण तो कायदा नसता तरी उतारावर मी हेच सांगितलं असतं. कटर मारला की गवताचा वरचा भाग जातो, मूळ जिवंत राहतं आणि माती धरून ठेवतं. तणनाशकाने मूळच मरतं. सप्टेंबरात गवत मारून जमीन मोकळी केली की वर परतीचा पाऊस येतो, संध्याकाळी गडगडून अर्ध्या तासात ओतून जाणारा. त्याच्यापुढे तुम्ही उघडी माती ठेवलेली असते.

आता बागेत जाल तेव्हा एक गोष्ट बघा. दोन कलमांच्या मधल्या मोकळ्या जागेत उकिडवे बसा आणि जमिनीकडे वीतभर अंतरावरून पाहा. जांभ्याचे बारीक खडे दिसतील. त्यातला प्रत्येक खडा मातीच्या छोट्याशा खांबावर उभा असेल, छत्री धरल्यासारखा. पावसाच्या थेंबाने आजूबाजूची माती उडवून नेली आणि खड्याखाली झाकलेली तेवढी राहिली. त्या खांबाची उंची म्हणजे तुमच्या बागेतून त्या पावसाळ्यात गेलेली माती. नखाने मोजता येते. मग शेजारच्या रानात जिथे गवत राहिलंय तिथे गवताचा एक झुबका बाजूला करून बघा. तिथे खांब नसतात. माती भुसभुशीत असते, गांडुळांची विष्ठा असते, कुजलेल्या पानांवर पांढरे बुरशीचे धागे असतात.

हिशोब करून बघितला की मन हलतं. एका एकरावरून फक्त 1 मिलिमीटर माती गेली तर ती चार घनमीटर होते, म्हणजे जवळजवळ दीड ब्रास. तुमच्या खांबांची उंची 5 मिलिमीटर भरली तर एकरी सात ब्रास माती एका पावसाळ्यात खाली गेली. घर बांधताना आपण ब्रासच्या भावाने माती विकत घेतो, इथे ती फुकट पऱ्याला देतो. आणि जाते ती वरची, शेणखत आणि पालापाचोळा मिसळलेली. खाली उरतो खडा आणि कातळ.

पाण्याचाही हिशोब असाच. आपल्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. म्हणजे एका गुंठ्यावर तीन लाख लिटर, एका एकरावर एक कोटी वीस लाख लिटर. आणि तरीही एप्रिलमध्ये आपण कलमांना घागरीने पाणी घालतो. पाऊस कमी नाही, तो थांबत नाही. मोठा थेंब तासाला तीस किलोमीटरच्या आसपास वेगाने आपटतो, उघड्या मातीचे कण फोडतो, ते बारीक कण मातीची छिद्रं बुजवतात, वर एक पातळ कवच तयार होतं आणि पाणी मुरायचं सोडून धावू लागतं. आच्छादनाचं खरं काम थेंबाचा हा आपट मोडणं हेच आहे. मुळांनी माती धरणं हे त्याच्या नंतरचं.

आता या सगळ्यातला कळीचा मुद्दा. बहुतेक लोक आच्छादनाचं पीक म्हटलं की हिरवं पीक डोळ्यासमोर आणतात. पण तुमच्या जमिनीवर सगळ्यात वाईट दिवस कोणते? मिरगाच्या आसपास पाऊस सुरू होतो ते पहिले तीन आठवडे. तेव्हा उन्हाळ्याने माती पावडर झालेली असते, वळवाच्या सरी आडव्यातिडव्या पडतात आणि जमिनीवर एकही हिरवं पान नसतं. मे अखेरीस टोकलेलं बी जून अखेरपर्यंत नीट झाकण धरत नाही. म्हणजे पहिल्या पावसाला तोंड देणारं आच्छादन हे गेल्या वर्षीचंच असावं लागतं. वाळलेलं, मेलेलं, पण जमिनीवर टिकलेलं. ते आपण फेब्रुवारी-मार्चमध्ये साफसफाईच्या नावाखाली गोळा करून पेटवून देतो.

पूर्वी वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीवर हे घडत नव्हतं असं नाही, नाचणी-वरीसाठी डोंगर भाजले जायचेच. पण एक तुकडा दोन-तीन वर्षं केला की तो पुढे काही वर्षं गवताला सोडायचे. 1990 साली रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली आणि हेच वरकस डोंगर काजू-आंब्याखाली आले. फार चांगलं झालं, आमच्या पिढीची घरं त्यावर उभी राहिली. मात्र जमिनीची ती विश्रांती गेली आणि बाग अंगणासारखी झाडलेली दिसली पाहिजे ही सवय लागली. सपाट सुपारीच्या बागेत ती चालते. उतारावर चालत नाही.

काजूवाला म्हणेल, बी वेचायची तर खाली जमीन साफ लागते. खरं आहे. फेब्रुवारी ते मे बोंडू पडतात, गवतात बी दिसत नाही, बायका वेचणार कशा? इथे मी जे करतो ते सांगतो. सबंध बाग साफ करायची नाही. जानेवारीत फक्त झाडाच्या पसाऱ्याखालचं गवत-पाला ओढून काढायचं आणि दोन ओळींच्या मधे, उताराला आडवं, गुडघाभर उंचीच्या वळी (लांब रांगा) घालून ठेवायचं. तुमची कलमं चार वर्षांची आहेत, पसारा अजून लहान, त्यामुळे साफ करायची जागा निम्मीही नाही. मे महिन्यात बी संपली की त्याच वळी दाताळ्याने पुन्हा पसरायच्या. झाडाखाली चार बोटं जाड थर, बाकी जमिनीवर जेवढं पुरेल तेवढं. दोन गडी एका दिवसात एकरभर पसरतात. बागेच्या वर्षभराच्या कामात मला विचाराल तर हा दिवस सर्वात मोलाचा. आणि नेमका तोच चुकतो, कारण तेव्हा सगळ्यांची भाताच्या तरव्याची (रोपं तयार करण्याची) घाई असते. काकांना आत्तापासून सांगून ठेवा.

पसरताना बुंध्यापासून हातभर जागा मोकळी सोडायची. काजूला खोडकिडा लागतो तो बुंध्याशी आणि उघड्या मुळांशीच. भोकातून भुसा आणि डिंक बाहेर आलेला दिसला तर झाड वाचतं, पालापाचोळ्याखाली झाकलं गेलं तर पान पिवळं पडेपर्यंत कळत नाही. तेव्हा उशीर झालेला असतो.

आता हिरव्या आच्छादनाकडे. पहिल्या वर्षी काहीच पेरू नका असं मी म्हणेन. तुमच्या बागेत आहे ते गवत येऊ द्या आणि ते फक्त कटरने राखा. नागपंचमीच्या सुमारास एकदा, घोट्याच्या वर, साधारण चार-पाच बोटं ठेवून. जमिनीला घासून कापायचं नाही. दुसऱ्यांदा गणपती ते दसरा या दरम्यान, पाऊस ओसरताना. कापलेलं तिथेच पडू द्यायचं. रानमोडी हे झुडपी तण दिसेल ते मात्र फुलायच्या आत मुळासकट उपटायची, कापलं तर ते दुप्पट फुटतं. एवढ्यानेच पहिल्या वर्षी फरक दिसेल. मी एकदा ऑगस्टमध्ये दोन वाफ्यांच्या खाली पाण्याच्या दोन बाटल्या भरल्या, एक तणनाशक मारलेल्या तुकड्याखाली, एक कापलेल्या गवताच्या तुकड्याखाली. पहिल्या बाटलीतलं पाणी गेरूसारखं, दुसऱ्यातलं पातळ कोऱ्या चहासारखं. रात्रभर ठेवल्यावर पहिल्या बाटलीच्या तळाशी दोन बोटं गाळ बसला. त्या दोन बाटल्या मी घरात खिडकीत ठेवल्या होत्या, येणारा प्रत्येक माणूस विचारायचा.

गवत झाडाचं पाणी पिणार नाही का, ही तुमची शंका रास्त आहे आणि तिचं उत्तर महिन्यावर अवलंबून आहे. जून ते सप्टेंबर पाण्याची स्पर्धा नसतेच, तेव्हा स्पर्धा असते खताची आणि उजेडाची. म्हणून लहान कलमाभोवती मीटरभर त्रिज्येचं आळं बेणून ठेवायचं, खत त्यातच द्यायचं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मात्र उभं हिरवं गवत वरच्या थरातलं पाणी खरोखर ओढतं, आणि तीन-चार वर्षांच्या कलमाची बरीचशी मुळं त्याच थरात असतात. त्यामुळे दसऱ्याच्या आसपासची कापणी चुकवायची नाही. उभं गवत पाणी उडवतं, तेच गवत आडवं पडलं की पाणी राखतं. आठवडाभराचा उशीर चालतो, महिन्याचा नाही. नोव्हेंबरात काका म्हणाले "आता वाळलंच की", तर समजायचं की पाणी त्यांच्या डोळ्यांदेखत गेलं.

दुसऱ्या वर्षी पेरणीचा विचार करा. उतारावरच्या कोरडवाहू काजूसाठी माझी निवड स्टायलो. शेंगवर्गीय आहे, हवेतलं नत्र मातीत आणतं, आपल्या आंबट, निकस जांभ्याच्या मातीत टिकतं, गुडघा-मांडीएवढं वाढतं आणि मुख्य म्हणजे झाडावर चढत नाही. एकदा बसलं की त्याचंच बी पडून पुढच्या वर्षी उगवतं, आणि जुनी खोडं उन्हाळ्यातही जमिनीला धरून असतात. बियाणं एकरी अडीच-तीन किलो. पण बियाचं कवच टणक असतं. पाणी उकळून खाली उतरवा, दोन-चार मिनिटं थांबा, मग फडक्यात बांधलेलं बी चार-पाच मिनिटं बुडवा, लगेच थंड पाण्यात घालून सावलीत सुकवा. हे न करता पेरलं की उगवण विरळ होते आणि लोक बियाण्याला दोष देतात. बी फार बारीक, म्हणून चौपट वाळू मिसळायची. पाऊस स्थिरावला की उताराला आडव्या, बोटभर खोल रेघा ओढून त्यात टाकायचं, वरून माती जेमतेम. सबंध जमीन नांगरायची नाही, ते तर माती धुवायला आमंत्रण. सोबत थोडं रॉक फॉस्फेट द्या. आपली तांबडी माती स्फुरद धरून बसते, आणि शेंगवर्गीय पिकाला तो कमी पडला तर मुळांवर गाठीच धरत नाहीत. दोन महिन्यांनी एक झाड अलगद उपटून गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लाल दिसलं तर काम चालू आहे.

स्टायलोला गर्द सावली मानवत नाही. झाडं मोठी होऊन पसारे भिडले की ते आपोआप विरळ होईल. तोपर्यंत काजूचा स्वतःचा पाला खाली पडायला लागतो आणि तो उत्तम आच्छादन आहे, लवकर कुजत नाही. फक्त जाळायचा नाही.

पुएरारिया, कॅलोपोगोनियम असली वेलवर्गीय आच्छादनं केरळात रबराच्या मळ्यांत सर्रास दिसतात. जमीन झाकायला त्यांच्याइतकं वेगवान काही नाही, हे मी मानतो. पण ती झाडावर चढतात. मी दोन एकरांत पुएरारिया लावला होता. पहिल्या पावसाळ्यात फार सुंदर दिसला. दुसऱ्या ऑगस्टमध्ये दहा दिवस बागेत जाऊ शकलो नाही आणि परत गेलो तर लहान कलमांचे शेंडे वेलाखाली वाकलेले. रबराच्या मळ्यात वेल सोडवायला रोजची माणसं असतात. तुम्ही मुंबईत, काका एकटे. तुमच्यासाठी ते नाही. शोभेचा पिवळ्या फुलांचा भुईमूग हल्ली सगळे सुचवतात. सुपारीच्या बागेत, पाटपाण्याखाली तो छानच. कोरड्या उतारावर मार्च-एप्रिलमध्ये तो सुकून जमीन उघडी पडते. वेडेलिया तर आणूच नका, ती एकदा शिरली की वहाळाकाठाने पसरत जाते आणि तिथलं काही उगवू देत नाही.

वर्षायू पिकांत ताग चांगला. जूनमध्ये पेरा, फुलावर येताना, दीड महिन्यात, कापून जागच्या जागी आडवा करा. धैंचा पाणथळ खाचरासाठी ठेवा. आणि पाऊस सरताना कुळीथ. आपल्या भागात हे आच्छादन पीक म्हणून कुणी मोजतच नाही, पण ऑगस्ट अखेर ते सप्टेंबरात टाकलेला कुळीथ परतीच्या पावसात जमीन झाकतो, दवावर वाढतो आणि घरात पिठीची सोय करतो. काढताना उपटू नका, विळ्याने कापा, मुळं जमिनीत राहू द्या. रताळी, सुरण, हळद मात्र उताराच्या मधल्या जागेत नकोत. जे पीक काढायला जमीन खणावी लागते ते सपाटीवर.

झाकणासोबत अडवणही हवी, विशेषतः तुमच्यासारख्या जागी, जिथे गाळ पऱ्यापर्यंत पोचला आहे. यासाठी वाळा. वाळ्याची मुळं सरळ खाली, दोन-तीन मीटरपर्यंत जातात, आडवी पसरून काजूच्या मुळांत शिरत नाहीत. ओळ समतल रेषेवर हवी, डोळ्याच्या अंदाजाने नको. सात-सात फुटांच्या दोन काठ्या वर बांधून इंग्रजी ए अक्षरासारखी चौकट करा, शेंड्यापासून दोरीला दगड लोंबता सोडा. आधी पाय अदलाबदल करून दोरीच्या दोन खुणांचा मध्य आडव्या काठीवर कोरून घ्या. मग दोरी त्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. चौकट फिरवत पुढे जा, प्रत्येक पावलाला खुंटी मारा. दोन ओळींत किती अंतर? खालच्या ओळीवर उभं राहायचं आणि मान न उचलता सरळ समोर, डोंगराकडे बघायचं. नजर जिथे जमिनीला टेकते तिथे पुढची ओळ. मध्यम उतारावर हे अंतर काजूच्या एका ओळीएवढं, सात-आठ मीटर येतं.

जून अखेर ते जुलै लावा. दोन-तीन फुटव्यांचा एक चूड, दोन चुडांत जेमतेम वीतभराहून कमी. शंभर मीटरला साडेसहाशे-सातशे चूड लागतात. विरळ लावलात तर पाणी फटीतून घुसतं आणि तिथेच घळ पडते, म्हणजे न लावलेलं बरं. दोन वर्षांत ओळीच्या वरच्या बाजूला माती साठून आपोआप पायरी तयार होते. वाळ्याची मुळं सुगंधी, त्यांना गिऱ्हाईक येईल. विकायला खणू नका, ती ओळ मोडली की वर साठलेली सगळी माती एका रात्रीत जाते. वाळ्याची रोपं मिळाली नाहीत तर गवती चहा लावा. तो इतका घट्ट भिंत धरत नाही, पण गुरं त्याला तोंड लावत नाहीत. भातकापणीनंतर तुमच्याकडे गुरं मोकळी सुटत असतील तर हा मुद्दा मोठा आहे, स्टायलो आणि वाळ्याचे कोवळे फुटवे गुरं आवडीने खातात. निदान पहिली दोन वर्षं गडग्याची (दगडी कुंपणाची) पडझड दुरुस्त करून घ्या.

चर काढायचे का असंही काका विचारतील. गोव्यात जुने गोवे इथल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत काजूच्या उतारावर सलग समतल चर आणि त्यांच्या जोडीला स्टायलो व गिरिपुष्प या झुडपाच्या ओळी असे प्रयोग झाले, आणि चर व झाडोरा यांची जोडी फायद्याची ठरली. माझाही अनुभव तोच. नुसता चर दोन पावसाळ्यांत गाळाने भरतो, काठावर झाडोरा असेल तर टिकतो. कर्नाटकातल्या पुत्तूरच्या काजू संशोधन संचालनालयाची शिफारस आहे ती झाडाभोवती अर्धचंद्राकृती बांध आणि चरांत नारळाची सोडणं पुरण्याची. सोडणं गावात पडूनच असतात, पोकळ बाजू वर करून थरावर थर लावा, वर माती. पाणी स्पंजसारखं धरतात.

पण एक इशारा मनापासून देतो. जिथे उतार फार उभा आहे, माती खोल आहे आणि खाली चिकण थर आहे, तिथे पाणी अडवणारे चर काढू नका. तिथे पाणी मुरवणं धोक्याचं, ते आडव्या दिशेने सावकाश बाहेर काढून द्यायला हवं. आच्छादन वरची हातभर माती धरतं, डोंगर धरत नाही. 22 जुलै 2021 ला महाड तालुक्यातल्या तळीयेत दरड कोसळून काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. तुमच्या बागेच्या वर किंवा खाली वस्ती असेल, जमिनीला भेग दिसत असेल किंवा झाडं कलली असतील, तर आधी जाणकाराला जागा दाखवा. जेसीबी लावून पायऱ्या तर मुळीच पाडू नका. उभ्या उघड्या कडा पहिल्याच पावसात ढासळतात.

हापूसच्या तीस कलमांबद्दल एक वेगळी गोष्ट. पुढे कल्टार (मोहोर लवकर यावा म्हणून मुळाशी द्यायचं औषध) द्यायला लागाल तेव्हा, जुलै-ऑगस्टमध्ये, झाडाभोवतीचं तण आधी काढावं लागतं, नाहीतर औषध गवत ओढून घेतं. म्हणून आंब्याखाली स्टायलो पेरू नका, तिथे फक्त कापलेल्या गवताचं आच्छादन ठेवा. ते बाजूला सारायचं, औषध द्यायचं, पुन्हा ओढायचं.

वणवा. इथे मी हलकं काही सांगणार नाही, कारण 2009 च्या मार्चमध्ये माझी चाळीस काजूची झाडं गेली. रस्त्याच्या कडेने आग आली, मी नुकत्याच रचलेल्या वळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग होत्या आणि आग त्यांच्यावरून वातीसारखी धावली. तेव्हापासून वळी सलग ठेवत नाही, प्रत्येक दोन झाडांनंतर दोन मीटर तुटक. शक्य तेवढं गवत चरात किंवा खड्ड्यात दाबून वर मातीचा हात फिरवतो, तिथे ते पेटत नाही आणि कुजतंही चांगलं. आणि डिसेंबर संपायच्या आत बागेच्या चारही बाजूंनी दहा-बारा फुटांची जाळरेषा (आग अडवणारी मोकळी पट्टी), रस्त्याच्या बाजूला पंधरा-वीस. जाळरेषेतलं गवत जाळून नव्हे, खरवडून आत ओढायचं. फक्त तेवढीच पट्टी उन्हाळ्यात उघडी. मेमध्ये पसरणीच्या दिवशी तिच्यावरही गवत टाकायचं, नाहीतर पावसाळ्यात तीच ओहोळ होते. शेजाऱ्यांशी बोलून सामाईक जाळरेषा केलीत तर खर्च निम्मा.

सापांची भीती खोटी नाही. आपल्याकडे फुरसं आहे, पण ते गवताइतकंच सैल दगडांखाली आणि कातळाच्या फटीत असतं, साफ केलेल्या बागेतही असतं. गुडघ्यापर्यंतचे गमबूट, बागेत फिरायला तीन फुटांची कायम कापलेली वाट, वळ उचलताना हात न घालता आधी दाताळं. चावलाच तर बांधाबांध, कापाकापी न करता थेट सरकारी रुग्णालय. सिंधुदुर्गातले कुणी वाचत असतील तर त्यांना वेगळं सांगतो: बांदा-दोडामार्ग भागात 2016 पासून माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत, त्याची गोचीड पाचोळ्यात असते आणि काजूचाच हंगाम तिचा हंगाम. माकड मेलेलं दिसलं तर त्या भागात पाला ओढायचं काम थांबवा आणि आरोग्य केंद्राला कळवा. एरवीही पूर्ण बाह्या, आणि अंगाला आरोग्य खात्याकडून मिळणारं औषधी तेल.

आता तुमच्या हातातलं पहिलं काम. दिवाळीला गावी जाल तोवर गवत अर्धं वाळलेलं असेल. काकांना सांगून ते कापून घ्या, जाळू देऊ नका. बाजारातून फूटभर लांबीच्या दहा लोखंडी सळ्या घ्या, बागेत वर, मधे आणि खाली अशा ठोका, जमिनीच्या पातळीला ऑइलपेंटची रेघ मारा. प्रत्येकीचा फोटो काढून ठेवा. पुढच्या दिवाळीला रेघ जमिनीच्या किती वर आली किंवा मातीखाली किती गेली ते पट्टीने मोजा आणि मला कळवा. कुठे किती वाळा लावायचा ते त्या दहा आकड्यांवरून सांगतो.